बारा सहली, चौदा ऑगस्टच्या आत

२ जून, सकाळी सहा

आजपासून रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं.

चौदा ऑगस्टला डॅडींना डॉक्टरकडे न्यायचं आहे. तारीख जोएलने ठरवली, मला न विचारता. जोएल माझा थोरला भाऊ. दोन तासांवर हंट्सव्हिलला राहतो, महिन्यातून एकदा येतो आणि तेवढ्यात त्याला सगळं कळतं. त्याचं म्हणणं, डॅडी विसरायला लागलेत. डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं, तर डॅडी इथेच माझ्याजवळ राहतील. नाही म्हटलं, तर तो त्यांना त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेणार. तिथे विसरणाऱ्यांचा मजला वेगळा असतो म्हणे, आणि दाराला कुलूप बाहेरून.

आई गेल्यापासून डॅडी खुर्चीतून उठत नाहीत, एवढंच झालंय. माणूस बसून राहिला की डोकं गंजतं. उपाय: मोकळी हवा. जन्म चॅटनूगात गेला आणि आम्ही चॅटनूगा पाहिलेलं नाही. दहा आठवडे, बारा सहली. यादी करून फ्रिजवर लावली. शेवटच्या दोन सहली अवघड ठेवल्या आहेत, तोवर डॅडी तयार झालेले असतील.

५ जून

सहल पहिली. नदीवरचा पायी चालायचा पूल. यशस्वी.

पुलाच्या मध्यावर थांबून डॅडी म्हणाले, ही नदी अलाबामातून येते आणि नॉक्सव्हिलकडे जाते. बरोबर उलट. मी तिथल्या तिथे ओळखलं.

हे नीट लिहून ठेवायला हवं. डॅडींनी आम्हा दोघांना घरीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर. मला अठराव्या वर्षापर्यंत. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक धड्यात एक चूक मुद्दाम पेरायची. जो शोधेल त्याला एक गुण. "मुद्दाम केलंत का?" असं विचारायचं नाही, विचारलं की गुण वजा. बाहेरच्या जगात चुकीवर कोणी खूण करून ठेवत नाही, आपली आपण ओळखायची, असं ते म्हणायचे. मी दहातल्या आठ ओळखायची. जोएल तीन.

म्हणजे डॅडींनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली आहे. पहिल्याच सहलीत! आजपासून क्रमांक घालून नोंद ठेवते.

चूक क्र. १: नदी.

चूक क्र. २: गाडी कुठे लावली ते डॅडींनी सांगितलं नाही. तीन पार्किंग पालथी घातली, पावणेदोन तास. आजूबाजूला लक्ष ठेवत जा, हा धडा. चालणंही झालं. डॅडींच्या मानेवर उन्हाने फोड आलेत. पुढच्या वेळी टोपी.

११ जून

सहल दुसरी. दीडशे वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धाची रणभूमी. टोपी घरी राहिली.

तोफांजवळ डॅडींनी तिथल्या गणवेशातल्या माणसाला लढाई समजावून सांगितली. कोण जिंकलं ते उलटं सांगितलं आणि आपले आजोबा इथेच पडले म्हणाले. आजोबा १९७१ साली पोर्चवर झोपाळ्यात गेले. दोन चुका एका वाक्यात, हे प्रगत तंत्र आहे. मी त्या माणसाला बाजूला घेऊन पद्धत समजावली. तो "हो, मॅडम" म्हणाला आणि माझ्या हातात थंड पाण्याची बाटली दिली. मी मागितली नव्हती. त्याने मला दिली की डॅडींना, हे न कळल्यामुळे मी प्यायले नाही.

१९ जून

शेजारच्या मिस ओडेसा दारात आल्या. एप्रनला पीठ तसंच. डॅडी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि जेवायला किती उशीर म्हणून त्यांनाच रागावले, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी वाढलं. डॅडी दोन वेळा जेवले.

मी म्हटलं, आमची घरं बाहेरून सारखीच दिसतात, आणि शिवाय डॅडींची एक पद्धत आहे. सगळी सांगितली. मिस ओडेसांनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकून घेतली.

"राणी," त्या म्हणाल्या, "मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मागे कोण मस्करी करतंय आणि कोण हरवलंय, ते मला आरशात बघून कळायचं."

मिस ओडेसांचं शिक्षण शाळेत झालं आहे, त्यांना दोष देता येत नाही. परत जाताना त्यांनी विचारलं, गाडी अजून तुझे डॅडीच चालवतात का. मी हो म्हटलं. 

चूक क्र. ९.

२७ जून

सहल चौथी. दोघांची कयाक, नदीत. (तिसरी, धबधबा, डॅडी गाडीतून उतरायला तयार झाले नाहीत, तरी झाली असं धरलं. नाही, हे बरोबर नाही. अर्धी धरते.)

भाड्याने होडी देतात तिथे फॉर्म भरावा लागतो. "आरोग्याची काही तक्रार?" या प्रश्नावर मी वीस मिनिटं थांबले. मागे रांग लागली. एका बाईंनी विचारलं, पोरी, तू पुस्तक लिहितेयस का. शेवटी "वय" असं लिहिलं. ते खोटं नाही.

डॅडींना मागे बसवलं, कारण दिशा मागचा माणूस देतो. पहिली दहा मिनिटं उत्तम. बगळा दिसला. मग होडी स्वतःभोवती फिरायला लागली. वळून पाहिलं तर डॅडी हात मांडीवर ठेवून बसलेले, आणि त्यांचं वल्हं बरंच मागे एकटंच वाहत चाललेलं. समोरून मालाचा तराफा येत होता, एका गल्लीएवढा लांब. त्याने भोंगा वाजवला. मी एका वल्ह्याने जे करता येईल ते केलं. दुकानातली मुलं मोटारबोट घेऊन आली आणि आम्हाला दोराने ओढत नेलं.

काठावर डॅडी मला म्हणाले, छान झालं, आता होडीत कधी बसायचं?

जोएलला सांगायचं की नाही, याचा रात्रीच्या प्रार्थनेत विचार केला. तो विचारेल तर सांगायचं. न विचारलेलं न सांगणं हे खोटं बोलणं नव्हे. त्याने विचारू नये अशी प्रार्थना मात्र करता येत नाही, म्हणून केली नाही. फारशी.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी रद्द. (आमच्यापुरती.)

१२ जुलै

जोएलचा फोन. डॅडी कसे आहेत म्हणाला. मी म्हटलं, रोज शिकवतात. कालच्या एका दिवसात चार चुका पेरल्या, पूर्वी एक असायची. उन्हाळ्याचा अभ्यासक्रम जास्त भरगच्च आहे.

 जोएल म्हणाला, "तिर्झा, डॅडींना मोठा भागाकार कधीच येत नव्हता. त्यातल्या अर्ध्या चुका खऱ्याच होत्या. आई रात्री आमच्या वह्या तपासायची आणि त्यांना सांगायची, आणि सकाळी ते म्हणायचे, मुद्दाम केलं. तुला माहीत नव्हतं?"

जोएल चौदाव्या वर्षी हट्ट करून सरकारी शाळेत गेला. त्याला पद्धत शेवटपर्यंत समजली नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, बरं.

फोन ठेवल्यावर माझी भागाकाराची जुनी वही काढली. बघितली नाही. परत ठेवली.

चूक क्र. ३८.

१८ जुलै

सहल सातवी. डोंगरावरून नदीचं वळण दिसतं ती जागा. धुकं होतं. वळण दिसलं नाही.

गाडीत आता आमची व्यवस्था चांगली बसली आहे. दिवा लाल झाला की मी "लाल" म्हणते, हिरवा झाला की "हिरवा". वळायच्या आधी "डावीकडे" दोनदा, कारण एकदा म्हटलेलं वाऱ्यात जातं. आज "लाल" सत्तावीस वेळा म्हटलं. वैमानिकालाही शेजारी एक माणूस असतो, आणि म्हणून कोणी वैमानिकाला आश्रमात टाकत नाही.

उतरताना एका वळणावर डॅडी डाव्या बाजूने, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूने गेले. मी "उजवीकडे" म्हटलं तेव्हा ट्रक दिसत होता. ट्रकवाला माणूस तोंड उघडून काहीतरी ओरडत होता, पण आवाज आला नाही, फक्त तोंड. मग आम्ही उजवीकडे होतो.

 घरी येईपर्यंत मी "लाल" म्हणत होते.

स्वतः गाडी शिकावी का? चार वर्षांपूर्वी लायसन्सच्या लेखी परीक्षेला बसले होते. एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर होती. मी ते तिथल्या बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या एकावर खूण कर. मला करता आली नाही. तेव्हा नको.

वळणावरचं ते चूक धरायचं की नाही, ठरवता येईना. नोंदीला क्रमांक दिला, ५२, पण पेन्सिलीने.

२९ जुलै

बाहेर उकाडा असा की गाडीची कडी धरवत नाही. सहल नववी पुढे ढकलली. त्याऐवजी डॉक्टरांच्या प्रश्नांची तयारी घेतली. आधीच तयारी करून घेणं ही फसवणूक आहे का? डॅडींनी मलाही परीक्षांची तयारी करून दिली होती. तेव्हा नाही.

कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. आज कोणता वार, कोणता महिना, आपण कोणत्या गावात राहतो. पहिलीच चिठ्ठी वाचली. डॅडींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तूच सांग," ते म्हणाले. "मास्तर कोण आहे इथे?"

किती हजरजबाबी! डॉक्टरांना हे उत्तर नक्की आवडेल. बाकीच्या अकरा चिठ्ठ्यांनाही त्यांनी हेच उत्तर दिलं.

चूक क्र. ७१. मिस ओडेसांच्या घरी डॅडी आता रोज जेवतात. तिथला पंखा चांगला आहे.

८ ऑगस्ट

सहल नववी. धरणाजवळ नदीकाठी डबा खायचा. सँडविच, पीच, उकडलेले शेंगदाणे. निघताना डॅडी शीळ वाजवत होते. सहा दिवस उरलेत आणि त्यांचा चेहरा इतका तजेलदार आहे की जोएल पाहत राहील, असं मनात आलं.

तिथे गाड्या लावायची जागा डावीकडे आहे. सरळ गेलं की होड्या पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार. मी "डावीकडे" दोनदा म्हटलं, मग तिसऱ्यांदा. डॅडी सरळ गेले. घाई नव्हती. आमच्या अंगणात शिरावं तसे ते पाण्यात शिरले. पुढची चाकं दिसेनाशी झाली आणि माझ्या पायाला गार लागलं. तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.

काठावर मासे धरणारे दोघे उठून उभे राहिले.

डॅडींनी दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच ठेवले होते. समोर पाण्याकडे बघत म्हणाले, "तिर्झा, हे मी मुद्दाम केलं नाही."

मी म्हटलं, हो, डॅडी.

"आधीचंही नाही. पुष्कळ दिवस झाले, मी मुद्दाम करत नाही."

मी म्हटलं, हो, डॅडी.

मासे धरणाऱ्यांनी त्यांच्या ट्रकला साखळी बांधून आम्हाला मागे ओढलं. त्यातल्या एकाने विचारलं, ब्रेक गेले का, काका? डॅडी हसून हो म्हणाले. डबा पाण्यात भिजला. पीच खाण्यासारखे राहिले होते, ते खाल्ले.

चूक क्र. ९४: "मी मुद्दाम करत नाही." लगेच ओळखली. एक गुण.

९ ऑगस्ट, सकाळी पाच

झोप लागली नाही. कालची शेवटची नोंद खोटी आहे. लिहिताना मला माहीत होतं. त्यांनी खरं सांगितलं आणि मी त्याला चूक म्हटलं.

क्र. ९४ खोडला. त्याच्याबरोबर बाकीचे कुठपर्यंत खोडायचे, ते कळेना. ट्रकपर्यंत गेले, मग होडीपर्यंत, मग पहिल्या पानावरच्या नदीपर्यंत. तिथे थांबले. भागाकाराची वही उघडली नाही.

दुपारी

जोएलला फोन केला. तो विचारायच्या आधी सगळं सांगितलं, तारखांसकट. पस्तीस मिनिटं लागली. मी बोलायची थांबल्यावर तो म्हणाला, तू का गेलीस त्या गाडीत, तिर्झा?  तो चौदापर्यंत थांबत नाही, संध्याकाळी येतोय. डॅडींच्या शर्टांना मी नावं शिवायला घेतली आहेत, वृद्धाश्रमात सगळ्यांचे कपडे धुवायला एकत्र टाकतात म्हणे. नावातली पहिली दोन अक्षरं होतात तोवर दोरा संपतो.

गाडीची किल्ली मिस ओडेसांकडे दिली. त्यांनी ती एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाल्या, बस खाली, आधी काहीतरी खा. मी खाल्लं.

घरी आले तर डॅडी दारात उभे. बूट घातलेले, डोक्यावर टोपी. आज कुठे जायचं म्हणाले. मी म्हटलं, आज कुठेच नाही. सहली संपल्या.

"बरं झालं," ते म्हणाले आणि बूट काढायला खुर्चीत बसले. "मला उन्हातान्हात हिंडायला कधीच आवडलं नाही. तुझ्या आईला विचार."