एक सूत कमी

१९ नोव्हेंबर १९७८

केसिंग बसलं नाही.

अण्णा एवढंच म्हणाला आणि हात न धुताच पाटावर बसला. नीलम्मावहिनींनी तांब्या पुढे केला. तो तसाच राहिला.

दीड महिन्याचं काम. सयाजीरावांकडे जुन्या मोटारसायकली आहेत, सात की आठ. त्यांतली ही बी.एस.ए., एकोणतीस सालची. सांगाडा विलायती, टाकी विलायती, चाकंही. फक्त इंजिनाचं बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच — केसिंग — फुटून कधीच भंगारात गेलेलं. ते आता विलायतेतही मिळत नाही म्हणे. मग इथेच, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून घ्यायचं. आणि उद्यमनगरात असलं काम सिद्धलिंग मिस्त्री, म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, त्याच्याशिवाय कोण करणार?

नमुना कृष्णातमामांनी दिला. ते गगनबावड्याचे, सगळ्यांचेच मामा. जिल्ह्यात तशी दुसरी गाडी त्यांचीच, आणि ती चालू आहे. इंजिन उकललं, केसिंग पोत्यात बांधलं, एसटीने घेऊन आले. ‘पोटातलं काढून देतोय, मिस्त्री. संभाळा.’ अण्णाने मापं घेतली, वाळूत दाबून साचा घ्यायला सागवानी पॅटर्न केला, आठवड्यात नमुना परत पोचवला.

आज सयाजीरावांच्या शेडमध्ये नवं केसिंग सांगाड्यात धरलं. मी बरोबर होतो. मागचे दोन बोल्ट गेले. पुढची भोकं जुळेनात. एक सूत मागे — इंचाचा आठवा भाग.

‘काय मिस्त्री,’ सयाजीराव म्हणाले, ‘घोडं माझं आन खोगीर गाढवाचं आणलंसा व्हय?’

सगळे हसले. अण्णाही हसला. ते मला बघवलं नाही.

२० नोव्हेंबर

अण्णा कामावर गेला नाही. ताप नाही, काही नाही. विचारलं तर ‘जातो की’ म्हणाला आणि बसून राहिला.

२२ नोव्हेंबर

शेवटी बोलला. परसात, दात घासताना.

‘बसू, माझी चूक न्हाय.’

मग त्याने समजावलं. मला या धंद्यातलं कळत नाही, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. ओतलेला धातू गार होताना आवळतो. म्हणून पॅटर्न करणाऱ्यांची पट्टी वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरा मोठा. त्या मोठ्या पट्टीने लाकूड मापलं की ओतलेली वस्तू आवळून बरोबर मापाला येते. साध्या पट्टीने पॅटर्न केला, किंवा जुनी वस्तूच वाळूत दाबून साचा घेतला, तर नवी वस्तू लहान निघते. ॲल्युमिनियम असेल तर दहा इंचांत साधारण एक सूत.

‘मग तू साधी पट्टी—’

‘गप. ती चूक नवशिक्याची. पहिल्या महिन्यातली. मी मोठ्या पट्टीनंच केलंय. माझं केसिंग कृष्णातमामाच्या केसिंगाबरहुकूम हाय, वहीत मापं हायती. त्याचंच एक सूत कमी हाय.’

मला कळायला वेळ लागला.

‘म्हणजे मामांचं विलायती नाही?’

‘न्हाय. कुणीतरी अस्सल केसिंग वाळूत दाबून वतलेलं हाय ते. दुसऱ्या लढाईत विलायतेहून सुटं भाग येत नव्हतं. तवा कोल्हापुरात ॲल्युमिनियमला हात घालणारा एकच माणूस हुता.’

आमचे वडील, अप्पा.

‘मग मामांच्या सांगाड्यात ते बसलं कसं?’

‘भोकं घासून घेतली असतील. कोण बघतंय?’

त्याने मला शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही, कृष्णातमामांना तर नाहीच. ‘म्हातारा जीव दील.’

२३ नोव्हेंबर

फेब्रुवारीत मुंबईला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. कारखान्यातून आल्या तशाच राहिलेल्या गाड्यांचा तिथे वेगळा विभाग. मामांची गाडी त्यात जायची आहे. त्यांचा अर्ज मीच लिहिला. गाडीची हकीकत, दोन पानं. शेहेचाळीस साली मामा एका सरदारांकडे निरोप पोचवायच्या नोकरीला लागले. गाडी तेव्हा हातात आली. पुढे सरदारांनी ती त्यांनाच देऊन टाकली. बत्तीस वर्षं घाटात, धुक्यात तीच गाडी. ‘एक नट बदलला न्हाय, मास्तर. तसं लिवा. तुमची सही म्हंजे सही.’

तसं लिहिलं. खाली माझी सही, हुद्दा, कॉलेजचा पत्ता.

त्याआधी लढाईच्या काळात काय झालं ते मामांना माहीत असण्याचं कारण नाही. मला आता माहीत आहे. आणि अर्ज पोचलेला आहे.

२६ नोव्हेंबर

अप्पांना विचारलं. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सोप्यात उन्हाला बसले होते.

‘अप्पा, लढाईच्या वेळी मोटारसायकलीचं केसिंग ओतलं होतं का तुम्ही?’

‘वतलं असंल.’

‘आठवतंय?’

‘पंप वतलं, पुल्या वतल्या, मठाची घंटा वतली. लग्नातला आहेर हाय व्हय ते, कुणी काय दिलं लिवून ठेवायला?’

याला पुरावा म्हणत नाहीत. मला तेवढं पुरलं.

३ डिसेंबर

सयाजीरावांनी अण्णाला बोलावून घेतलं. शेडमध्ये चार माणसं होती. फिटर, पेठेतले दोघे, मी.

‘मिस्त्री, मी काय जीव घेत न्हाय तुमचा. फक्त सांगा, नमुना वाकडा हुता का तुमचा हात?’

अण्णाने एकदा माझ्याकडे बघितलं.

‘माझा हात. साधी पट्टी घेतली गेली.’

‘चाळीस वर्सांनी?’

‘व्हय.’

सयाजीराव हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. ‘बरं, च्या घ्या,’ म्हणाले.

परत येताना सायकली हातात धरून चालत आलो. दुसऱ्याची अब्रू राखायला स्वतःची देणारा माणूस मी आजवर फक्त वाचला होता. तो माझ्या शेजारून चालत होता. मी म्हणालो, ‘अण्णा, तू फार मोठं केलंस.’

‘चल बिगी,’ तो म्हणाला. ‘दळण आणायचं हाय.’

५ डिसेंबर

चहाच्या गाड्यावर अण्णाला नाव पडलं — ‘साधी पट्टी’.

१० डिसेंबर

अप्पांच्या कानावर गेलं. मठात कोणीतरी सांगितलं.

‘सिद्धा, हिकडं ये.’

अण्णा समोर जाऊन उभा राहिला. चोपन्न वर्षांचा माणूस.

‘साधी पट्टी? माझ्या हाताखाली शिकून?’

अण्णाने मान खाली घातली.

‘पॅटर्नवाला म्हणवतोस? वाळूची टोपली उचलणारं पोरगं बी ही चूक करत न्हाय. माझी पट्टी आण.’

अण्णाने कपाटातून अप्पांची मोठी पट्टी काढून दिली. अप्पांनी ती उशाखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. वहिनी आत जाऊन रडल्या.

मी उठलो होतो. तुमच्याच ओतकामाची शिक्षा हा भोगतो आहे, हे ओठांवर आलं होतं. अण्णाने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की अजून दुखतं आहे.

१७ डिसेंबर

अण्णाने पॅटर्न जाळला. सकाळी मी उठेपर्यंत बंबात गेला होता. दीड महिन्याचं सागवानी काम, गोलाईला पॉलिश केलेलं.

‘ठेवायचास तरी.’

‘कशाला? बघत बसायला?’

पाणी कडक तापलं होतं. त्याच पाण्याने आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या.

२ जानेवारी १९७९

साखर कारखान्याच्या पंपाचे पॅटर्न या वर्षी दुसऱ्याकडे गेले. गेली अकरा वर्षं ते काम अण्णाकडे होतं. तो म्हणाला, ‘जाऊ दे की. डोळ्यांस्नी बी आराम.’

आज वर्गात शिकवताना मधेच थांबलो. मुलं वाट बघत राहिली.

शपथ पाळली तर अण्णा बुडतो आणि माझी सही खोटी राहते. मोडली तर एका म्हाताऱ्या माणसाचं एकमेव कौतुक जातं. आठ दिवस हेच चाललं आहे डोक्यात. काल लक्षात आलं, की मी मनात केव्हाच ठरवलेलं आहे.

७ जानेवारी

गगनबावड्याला जाऊन आलो. कुणालाही न सांगता.

मामा ओसरीवर गाडी पुसत होते. इंजिन जोडून झालेलं. ‘या मास्तर. मुंबईचं पत्र आलं म्हणायचं?’ त्यांच्या पत्नी बनाबाईंनी बसायला घोंगडं टाकलं.

मी सांगितलं. सरळ, न थांबता. आवळणारा धातू, पट्टी, लढाई, अप्पा. अण्णाने सगळ्यांसमोर चूक कशी पत्करली तेही.

मामा पुसतच राहिले. एकच जागा.

‘एक सूत?’

‘हो.’

‘कुणी मोजलं?’

‘अण्णाने.’

‘सिद्धलिंगानं मोजलं म्हंजे मोजलं.’ फडकं खाली ठेवलं. ‘आन त्यो माझ्यापायी बोलणी खातोय.’

‘मामा, तुम्हाला माहीत नव्हतं.’

‘नसंल. पर बत्तीस वर्सं मी दिसंल त्येला हुबा करून सांगत आलोय, पावणं, हात लावून बघा, अस्सल विलायती. लबाड ठरलो की वो.’

बनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. दारातच थांबल्या. ‘काल चालत हुती, आज बी चालती. तुमाला काय बाजारात न्हेऊन दात मोजायचं हायती तिचं?’

मामांना ते ऐकू गेलं नाही. मला एसटीपर्यंत पोचवायला ते नेहमी गाडी काढतात. आज चालत आले.

८ जानेवारी

अण्णाला सांगितलं. त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली.

‘काय केलंस हे, बसू?’

‘तुझ्यासाठी केलं.’

‘मी सांगितलं हुतं?’

त्याने तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं शिवी देणार. मग उठून गेला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, मीच त्याला जेवू दिलं नाही अशा नजरेने.

२१ जानेवारी

कृष्णातमामा आले. पुन्हा तसंच पोतं, तसंच बांधलेलं. थेट सयाजीरावांच्या शेडवर गेले आणि अण्णाला, मला तिथे बोलावून घेतलं.

‘सयाजीराव, मिस्त्रीची चूक न्हाय. नमुनाच खोटा हुता. माझा.’ पोतं खाली ठेवलं. ‘ह्ये घ्या. फट भरून बसवा, न्हायतर वितळवा. मला घरात नको.’

‘अवं मामा, मुंबई?’

‘मुंबईला मास्तर कळवतील.’

सयाजीरावांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘मिस्त्री, माणूस हायसा का कोण तुम्ही?’ अण्णा जमिनीकडे बघत होता. मामांनी त्याला वाकून नमस्कार केला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने. अण्णा दोन पावलं मागे सरला.

संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं. ‘व्हय की,’ ते म्हणाले. ‘मी वतलं असणार.’ पट्टी त्यांनी स्वतः उठून अण्णाच्या हातात दिली. वहिनींनी गव्हाची गोड हुग्गी केली. अण्णा जेवला नाही.

२३ जानेवारी

मुंबईला पत्र टाकलं. गाडीचं नाव मागे घेतलं. कारण लिहिलं: माझी माहिती चुकीची होती. सही करताना बरं वाटलं.

साखर कारखान्याचा माणूस अण्णाला विचारत घरी येऊन गेला.

२८ जानेवारी

मामांचं केसिंग आज सयाजीरावांच्या सांगाड्यात धरलं. अण्णा यायला तयार नव्हता. मीच नेला. फट भरायला त्याने एक सूत जाडीच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या.

लागल्या नाहीत. चारही बोल्ट हातानेच आत गेले. एक सूतही कमी नव्हतं.

सगळे बोल्टांकडे बघत होते. अण्णा माझ्याकडे.