पाटाच्या दाव्यात निघालेले लग्नाचे पत्र

कामठा, ता. २८ सप्टेंबर १९५४

श्री. गोवर्धनराव यांस बकारामचा रामराम. देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. तुमच्या बहिणीचा गुडघा दुखतो, पण बोलणे चालू आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. तुमची प्रकृती कळवावी. पंचायतीत तुमचा मान वाढल्याचे ऐकून समाधान वाटले. (त्यामुळेच हे पत्र लिहायला हात धजत नव्हता.)

गेल्या शुक्रवारी सकाळी मी अंघोळ करून, दिवा लावून, देवघराखालची पेटी बाहेर ओढली. शेजारच्या यादोरावने माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आणणारा पाट बुजवला आणि उलट पाट त्याचाच असा दावा लावला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या वकिलाने अर्ज दिला होता, की बकारामच्या ताब्यातले सर्व कागद दाखवावेत. मी सर्व म्हणजे सर्व समजलो. शपथेचे काम, देवाला फसवता येत नाही. कुंडल्या, लग्नपत्रिका, गुळाच्या पुड्यांचे कागदसुद्धा नेले. (माझ्या गाडीचे चाक निखळले होते, म्हणून यादोरावच्याच गाडीत गेलो. तारीख दोघांची एकच. तो गोंदियापर्यंत पेटीवरच बसून आला.)

कचेरीत वकिलाने पेटीत हात घातला आणि पहिलेच निघाले ते तुमच्या वडिलांचे पत्र. तुमच्या लग्नाला मी तापामुळे येऊ शकलो नव्हतो, म्हणून त्यांनी हकिगत कळवली होती, ते. वकील मोठ्याने वाचू लागला, की गोवर्धन हळदीच्या अंगाने धानाच्या ढोलीत लपला होता आणि त्याला बाहेर काढले तेव्हा... इथे न्यायाधीश साहेबांनी पाटाचा यात काय संबंध, असे विचारले. पुढे वाचल्यावर निघेल, असे वकील म्हणाला.

साहेब म्हणाले, "संबंध असेल तोच कागद मागा. लोकांच्या पेट्या उपसायला ही कचेरी नाही."

पेटी बंद झाली. पाटाचा कागद माझ्याकडे नाही, यादोरावकडेही नाही. दोघांच्या आजोबांनी मिळून तो पाट खणला, लिहिले कोणीच नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली. धान आत्ता गर्भात आहे, ते तारखेपर्यंत थांबणार नाही.

परतताना गाडी यादोरावच हाकत होता. मग नाल्याशी गाडी थांबवून म्हणाला, "बकारामभाऊ, ढोलीतून काहाडल्यावर काय झालं गा?"

साहेबांनी ते बंद केले आहे, असे मी सांगितले.

"साहेबानं वकिलाले बंद केलं, तुले नाही. पुरं वाचून दाखव, पाट खोलतो."

तीन दिवस मी देवळात बसून विचार केला. साहेबांनी कायद्याने तुमची अब्रू झाकली होती, ती मी उघडावी हे मनाला पटेना. इकडे बांधीला भेगा पडून राहिल्या होत्या. शेवटी तुमची बहीणच म्हणाली, "माहा भाऊ रुसला तं मी मनवीन. धान मनवता येते का?"

म्हणून काल संध्याकाळी यादोरावच्या ओसरीवर बसून मी सर्व वाचून दाखवले. व्याह्यांसाठी केलेले लाडू तुम्ही ढोलीत संपवले होते आणि वरातीत नवरदेव गाडीत आडवा निजवून न्यावा लागला, इथपर्यंत. त्याने लगेच फावडे उचलले.

तुमच्या बहिणीचा धनी आणि तुमचा भाटवा,
बकाराम

ता. क. बाहेरच्या कोणीही ऐकले नाही. यादोरावच्या घरची माणसे आणि आलेले पाहुणे, तेवढेच होते.

ता. क. पाट त्याने एका पाण्यापुरताच खोलला आहे आणि धानाला आणखी एक पाणी लागेल. तुमच्या घरी वडिलांची आणखी पत्रे असतील तर लवकर पाठवावीत. तुमच्याबद्दलची असली तर बरे, यादोरावला ती आवडतात.