वरच्या मजल्यावरची खोली

तीर्थरूप दादा,

नमस्कार. साष्टांगाला आता गुडघे परवानगी देत नाहीत.

वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय समितीकडे जाणाऱ्या तक्रारींची मी भाषांतरं करतो, हे तू पाहुण्यांना कौतुकाने सांगतोस. काल हाती आलेल्या तक्रारीत घरमालक तूच निघालास. खोली बघायला आलेल्या एका कृष्णवर्णीय नर्सला तू म्हणालास, "बाई, खोली कालच गेली." तिने दारावरच्या 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीचा त्याच दिवशीचा फोटो जोडलाय. पाटीवरचं अक्षर माझं. तरी इथल्या कोर्टांनी तुझाच शब्द खरा धरला.

सारी वसुधा एक कुटुंब, हे सुभाषित तूच माझ्याकडून घोकून घेतलंस. वसुधेत वरच्या मजल्यावरची खोली येत नाही, हे तेव्हा बोलला नाहीस.

त्या आठवड्यात खोली रिकामीच होती. भिंतींना रंग मीच देत होतो.

ऑफिसात साहेबांना म्हटलं, "घरमालक माझा सख्खा भाऊ. भाषांतर दुसऱ्याला द्या."

"चला, सुटलात!"

"कसला सुटतोय? त्या बाईंच्या बाजूने मी साक्ष लिहून देतोय."

साक्षीदार म्हणून आता तुझ्याशी बोलायची मनाई आहे, म्हणून हे पत्र टाकणार नाही. समितीकडून साक्षीचा कागद येईल, तेव्हा अक्षर ओळखशील.

तुझाच,
धाकटा