बाबांचं अर्धं वाक्य

झ्रेन्यानिन,
६ फेब्रुवारी १९८४

ती. देसाताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं डोकं शाबूत आहे, पण झटका आल्यापासून वाचा गेलीय. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालतं. अक्षरांची पाटी पुढे धरली तर त्या बोटाने ढकलून दिली. मी काय शाळेतलं पोर आहे, असे डोळे वटारले. म्हणून घरीच कॉम्प्युटर बांधतोय. मासिकात आराखडा छापून आलाय. बटणं दाबली की अक्षरं टीव्हीवर उमटतात, आणि टीव्हीला बाबा मानतात! सगळं जोडून झालं, पण त्याचा मेंदू, म्हणजे झेड-ऐंशी नावाची चिप, आपल्या युगोस्लाव्हियात मिळत नाही. तुमच्या ऑस्ट्रियात मिळते. माझं जेवणात लक्ष नाही. पाठवशील ना?

तुझा उतावळा,
वोयिन


ग्राट्स,
१५ फेब्रुवारी

चि. वोयिनास आशीर्वाद.

गाढवा, दाराची घंटा दुरुस्त केलीस तेव्हा ती दिवसभर थांबली नव्हती, आठवतं? तरी चिप घेतली. चाळीस पायांची काळी गोमच ती! कस्टमवाले अडवतील म्हणून चांदीच्या कागदात गुंडाळून कॉफीच्या पुड्यात दडवलीय. तो आणि सोबत एक साधा, असे दोन पुडे इलोंकामावशीबरोबर बसने धाडलेत. तिला काही सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

परक्याशी लग्न केलं म्हणून बाबांनी मला दार बंद केलं, त्याला पाच वर्षं झाली. चिप माझी आहे हे त्यांना सांगू नकोस. बटणाला हातसुद्धा लावणार नाहीत.

पोचल्याचं लगेच कळव. जीव थाऱ्यावर नाही.

ताई


झ्रेन्यानिन,
४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

एक पुडा कस्टमवाल्याने ठेवून घेतला! इकडे कॉफीचा दुष्काळ, त्याला तरी काय बोलणार. उरलेला असा घाईत फोडला की अर्धी कॉफी जमिनीवर. गोम त्यातच निघाली!

काल बाबांना टीव्हीसमोर बसवलं. पहिलं वाक्य लिहिलं: सूपमध्ये मीठ नाही. मी हसता हसता रडलो. मग बाबांनी लिहून विचारलं, चिप कुठून आली. ताई, माझ्याने राहवलं नाही, सांगून टाकलं. बाबांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: तिला सांग की. आणि वीज गेली! हल्ली रोजच जाते. आली तेव्हा पडदा कोरा. मी विनवलं, चिडलो, पण बाबा बोट मुडपून भिंतीकडे तोंड करून बसलेत. राग होता की माया, मला कळलं नाही. माफ कर.

वोयिन


ग्राट्स,
१२ मार्च

चि. वोयिनास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून दवाखान्याच्या चादरी धुताना तीन शब्दच घोकतेय. आज दोनदा भलत्याच वॉर्डात चादरी धाडल्या. मुकादमीण म्हणाली, प्रेमात पडलीस की काय या वयात!

बाबांना छळू नकोस. मला सांगायचं ते तुझ्यामार्फत कशाला? पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येतेय, एकटीच. टीव्ही लावून ठेव. शिवी असली तर माझ्यासमोर उमटू दे. आणि दारातूनच परत पाठवायचं असेल, तर तेही त्यांना एका बोटाने लिहावं लागेल. तोवर मी आत आलेली असेन.

माया असू दे, दार उघडं असू दे.

देसा