लाडवातली खसखस

आई,

तुझा नातू, माझा पोरगा, अजून आतच आहे. दोन वाजता सूनबाईचा सिंगापूरहून फोन आला, तेव्हा तिने एवढंच पक्कं सांगितलं: विमानतळावरच्या एका खोलीत त्याला बसवलंय, पासपोर्ट ठेवून घेतलाय आणि लाडवांचा डबा तपासायला नेलाय. ती आणि आमची सात वर्षांची नात बाहेर बाकावर बसून आहेत. नातीने मध्येच फोन घेतला. "आजी, पप्पा कब येणार?" मी म्हटलं, फोन आईकडे दे.

माझी लेक ऑस्ट्रेलियात बाळंत झाली, तिला भेटायला हे तिघं निघाले. वाटेत काही तास सिंगापूर बघायचं ठरलं होतं. मी लेकीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. पोरगा ऑफिसातून आला, कढईत डोकावला आणि म्हणाला, "आई, खसखस नको हं. सिंगापुरात एकदम बैन आहे, अफूसारखी धरतात. मी काय जेलमध्ये लाडू खात बसू?" मी हसले, नाही टाकत म्हटलं. तो आत गेला आणि मी मूठभर खसखस भाजायला घेतली. सामान भरताना त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. आज तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, तेव्हा माझ्या भरवशावर तोही नाही म्हणाला.

आपल्या माळव्यात ही पोत्यांनी येते गं. तिची भीती वाटावी हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला तुझा गिरणीच्या क्वार्टरमधला ओटा दिसत होता. ताईचं बाळंतपण, तू मला खसखस आणायला पाठवलंस आणि मी मैत्रिणीकडे रमले. परतले तेव्हा पाक आळून गेला होता. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "बाळंतिणीच्या खाण्यात कसूर करणारी पोरगी माझी नाही." मग तू माझं मनगट धरतेस, मंद आचेवर उलथनं फिरवायला लावतेस, वास सुटला की थांबवतेस. बोलत मात्र नाहीस. संध्याकाळपर्यंत नाही.

दोनपासून मी राजेंद्र नगरच्या या घरात खोल्या मोजत फिरते आहे. मोबाइलवर शोधलं. कुणी लिहितं, नुसता डबा फेकून देतात. कुणी लिहितं, कोर्टात उभं करतात. दोन्ही तीन-तीनदा वाचलं.

सूनबाईने मघाशी विचारलं, "आई, सच सांगा, टाकली होती की नाही?" मी म्हटलं, टाकली, आमच्या आईची पद्धतच तशी, हात आपोआप गेला. आपोआप नव्हता गेला. त्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी समजून-उमजून खोटं बोलले. आज तुला पुढे केलं, कारण गेलेलं माणूस उलटून बोलत नाही.

चार वाजता तो अधिकारी माझ्याशी फोनवर बोलणार आहे. माझं इंग्रजी तेवढं नाही, म्हणून सूनबाई मध्ये राहील. म्हणजे पोराला यातलं काही माहीत नव्हतं, मीच त्याला फसवलं, हे मला आधी तिलाच सांगावं लागेल. पुढचं विमान सहाचं आहे. हे पत्र कुठे जाणार नाही, आई. चारला दहा मिनिटं आहेत आणि मी अजून पहिलं वाक्य ठरवलेलं नाही.