अठरा कडवी आणि एक टेंगूळ

३ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

शाळेत बाई टेबलावर पट्टी आपटून ताल धरायच्या आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो. तो आवाज सकाळपासून कानात आहे. निमित्त अगदीच गद्य. परवा आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात वरच्या फळीवरचा पुठ्ठा काढताना स्टूल कलंडलं आणि डोकं पुस्तकं दाबायच्या लोखंडी यंत्रावर आपटलं. शुद्ध गेली नाही, रक्त नाही, लिंबाएवढं टेंगूळ तेवढं आहे. उजेड खुपतो, फोनची घंटा डोक्यात घुमते, म्हणून तो बंद ठेवलाय. मेंदू मात्र शाबूत. ती अठरा कडव्यांची कविता घडाघडा म्हणून पाहिली, शब्द अडला नाही. काळजी करू नकोस, लोभ असू दे.

तुझा दादा

६ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, आणि घरचा पेशंट मला कविता म्हणून दाखवतोय. जुनं पाठांतर सगळ्यात शेवटी जातं रे, आधी कालपरवाचं निसटतं. शुद्ध गेली नाही तरी मेंदू आतल्या आत हिंदकळतो. त्यात तू रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतोस. तुझ्या वयात आत रक्त हळूहळू साचतं, आणि तोवर माणूस हसतखेळत असतो. वाचन, शिवण, स्टूल बंद. हे कुरिअर हातात पडताच हॉस्पिटलात जाऊन डोक्याचा स्कॅन करून घे. उलटी झाली, झापड आली, हातातलं बळ गेलं, तर शेजाऱ्यांना लगेच हाक मार. बाबांचा हट्ट उचललास, थोडं डोकंही उचलायचं होतंस. लोभ आहे, तो रागासकट घे.

तुझी धाकटी

९ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

कुरिअर काल मिळालं. सोमवारी जाईन म्हणत होतो. पण आज एक गिऱ्हाईक परवाच नेलेलं पुस्तक परत घेऊन आलं. सोळाव्या पानानंतर एकदम तेहेतिसावं. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, ते पुस्तक शिवल्याचंच मला आठवत नाही. दोरा माझा, गाठही माझीच. कविता अजून पाठ आहे, पण आज पहिल्यांदाच तिचा आधार वाटेना.

थांब, दार वाजतंय.

तुझे यजमान आलेत. बस लागते म्हणून वीस वर्षांत इकडे न फिरकलेला माणूस, पांढराफटक चेहरा घेऊन दारात उभा आहे. म्हणतात, एकटा परत आलो तर ती मला घरात घेणार नाही, चपला घाला.

घालतोय. बाकी लोभ हॉस्पिटलातून आल्यावर.

दादा