आबांच्या गळ्यावरचं बोट

बारामती, गुरुवार, जानेवारी १९९६

"ओवी म्हणताना तुझ्या आबांच्या गळ्यात वारा भरतो," आई म्हणायची. मी हसायचे.

आज तेच निघालं. इतकी वर्षं आम्ही गलगंड समजून लेप लावत होतो. डॉक्टरांनी नाक दाबून फुंकायला लावलं, तर आबांच्या मानेवरची गाठ फुगली. बोटानं दाबली, बसली. स्कॅनमध्ये श्वासनळीला लागून हवेची पिशवी दिसली. म्हणजे गाताना आबा गळ्यावर बोट ठेवायचे ते यासाठी! गावी वरकुट्यात त्यांचे चेले अजून तसंच बोट ठेवून गातात, जणू रीतच.

"त्यात कफ साचतो, एखाद्या दिवशी श्वास अडेल," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करू. आवाज मात्र बसू शकतो."

"मग न्हाय. आवाज गेल्यावर माझं म्हणून काय ऱ्हातंय?"

मी शेजारीच बसले होते.

आई गेल्यापासून मला तरी त्यांच्याशिवाय कोण आहे? आत खोकताहेत. बोट गळ्यावरच असेल. उद्या सांगून बघते. न्हायच म्हणतील.

आबा, ऑपरेशन करून घ्या. आवाज बसला तर माझ्याशी कुजबुजत बोला. मला ऐकू येईल.